तुमच्या नावाच्या तीन गोष्टी

अहो,

तुमचा तेरावा होऊन आठवडा झाला. माणसं आपापल्या गावी परतली, आपली लेक मालू हुबळीला सासरी गेली, पाहुण्यांसाठी काढलेल्या गाद्या माळ्यावर गेल्या, आणि परवा मी कॉलेजात रुजू झाले. शेजारच्या पद्माक्कांना ते रुचलं नाही. "स्वल्प दिवस तरी थांबायचं होतंत," म्हणाल्या. घरात बसून मी काय केलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या टेबलावरचे कागद आवरले असते आणि तुम्हालाच कळणारी त्यांची सगळी व्यवस्था बिघडवून ठेवली असती.

पत्रं अजून येताहेत. मद्रासहून, कलकत्त्याहून, परदेशातून दोन. सगळ्यांत फिरून फिरून एकच वाक्य आहे, की तुमचं नाव राहील. कुणी 'त्रिंबकराव परिणाम' लिहिलं आहे, कुणी 'त्रिंबकराव अंतर', कुणी 'त्रिंबकराव वक्र'. लोकांनी मनापासून लिहिलं आहे आणि मी प्रत्येकाला उत्तर देणार आहे. पण ते वाक्य आलं की डोळे मिटून नकारार्थी मान हलवणारे तुम्ही दिसता. त्या नावावरून आपण पाच वर्षं भांडलो आणि भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात. माझ्याकडून एक गोष्ट तुम्हाला सांगायचीही राहून गेली. म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुमच्या घराण्याला आडनाव होतं, पण तीन पिढ्या बंगळूरला काढल्यावर ते गळून पडलं. दाखल्यावर नुसतं एस. त्रिंबकराव. त्यामुळे जगानं त्या तीन गोष्टींना नाव दिलं ते तुमचं पाळण्यातलं नाव. आडनाव असतं तर माझी काहीच अडचण नव्हती. मी मिरजेच्या घरातली. नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं आणि एरवी 'हे' म्हणायचं, एवढं हाडात मुरलेलं. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले तरी ते गेलं नाही. लिहिताना काही वाटत नाही. हात लिहितो, तोंड घेत नाही.

लग्न होऊन मल्लेश्वरमच्या घरात आले तेव्हा स्वातंत्र्याला चार वर्षं झाली होती. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात गेले तर वरच्या फळीवर ओळीनं काचेच्या बरण्या, प्रत्येकीत पाणी, आणि पाण्यात दोऱ्याला टांगलेला एकेक खडा. मला वाटलं, या बाजूचं काही लोणचं असेल. हात पुढे केला तर तुमच्या आई मागून म्हणाल्या, "शिवू नको गं, ती त्याची लेकरं आहेत." सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणायला लागले. त्यांनीच सांगितलं की तुम्ही संशोधन करत होतात त्या संस्थेतल्या प्रयोगशाळेत ये-जा फार, दारं आपटतात, हादरे बसतात, खडे नीट वाढत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात मात्र कोणी दार आपटत नाही.

लग्नानंतर तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा सलग बोललात ते त्या बरण्यांबद्दल. तुरटीसारखा दिसणारा एक साधा क्षार. त्याचा स्फटिक तेलाच्या भांड्यात हळूहळू तापवत न्यायचा. एका ठरलेल्या अंशाला तो एकदम धुकं धरल्यासारखा पांढरट होतो. मग निववत आणायचा. ज्या अंशाला धुकं धरलं त्याच अंशाला ते जायला हवं. पण जात नाही. चार-साडेचार अंश आणखी खाली आल्यावर मग स्फटिक निवळतो.

"का?" मी विचारलं.

"तेच तर," तुम्ही म्हणालात, आणि इतके खूश झालात की अक्कांनी आत येऊन बघितलं काय झालं म्हणून.

नऊ वर्षं तुम्ही त्या 'का'च्या मागे होतात. आवळ्याएवढे स्फटिक, वाटाण्याएवढे, मुगाएवढे. जितका लहान स्फटिक तितकं ते जाण्या-येण्याच्या अंशांमधलं अंतर मोठं, हे तुम्ही दाखवलंत, आणि त्याचा आलेख काढलात. रविवारी मी संस्थेत तुमच्याबरोबर यायची. तुम्ही भिंगातून बघत 'आता' म्हणायचं, मी पाऱ्याचा आकडा वाचून वहीत उतरवायचा. बाकी जोडपी लालबागेत जायची, असं मी एकदा म्हणाले. पुढच्या रविवारी तुम्ही खरंच लालबागेत घेऊन गेलात आणि काचघराजवळ उभे राहून तासभर काचेवर धुकं कसं धरतं ते सांगितलंत. त्यानंतर मी म्हटलं, आपली प्रयोगशाळा बरी.

मग ते परदेशी नियतकालिक आलं. कुणा अनोळखी माणसानं आपल्या लेखात तुमच्या नावानं परिणाम लिहिला होता, तुमच्या नावानं अंतर, तुमच्या नावानं वक्र. तीन गोष्टी, एकाच पानावर. तुम्ही ते पान दुमडून ठेवलंत आणि जेवायला बसलात. अक्कांना मीच सांगितलं, की यांच्या कामाला यांचं नाव ठेवलंय.

"ठेवलं म्हणजे? बारसं केलं?" अक्का म्हणाल्या.

"तसंच समजा."

"याला न विचारता?"

"असंच करतात ते, अक्का," तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात.

अक्कांनी दुसऱ्या दिवशी पुरणाची होळगी केली. बारसं म्हटल्यावर गोड हवं ना. गल्लीत वाटताना त्यांनी लोकांना काय सांगितलं देव जाणे. पुढे महिनाभर पद्माक्का मला निरखून बघत होत्या.

खरी पंचाईत माझी झाली. तोवर तुमच्याच आग्रहानं मी एम.एस्सी. केलं होतं. परीक्षेचे ते तीन आठवडे, अक्का यात्रेला गेलेल्या, तुम्ही स्वयंपाक केलात, इकडची आमटी, ती हुळी, रोज करपवलीत, आणि करपली हे एकदाही मान्य केलं नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानते. मुलींच्या कॉलेजात मला नोकरी लागली आणि दोन-तीन वर्षांत नव्या पुस्तकात तुमचा परिणाम आला. मुलींना शिकवायचा कसा? मी फळ्यावर नाव लिहिलं आणि तोंडानं 'हा परिणाम' म्हणत पुढे गेले. पहिल्या बाकावरच्या एका आगाऊ मुलीनं उभं राहून विचारलं, मिस, या परिणामाला म्हणतात काय? सगळा वर्ग वाट बघत बसला. मी खडू घेतला आणि नावाखाली रेघ ओढली. वर्ग हसला, मीही हसले.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही विचारात पडलात.

"मराठीत तू त्याला काय म्हणशील? माझं नाव नसतं तर?"

"परतवाट," मी म्हणाले. "जाताना एका वाटेनं जातो, येताना दुसऱ्या."

"बघ. तुझ्या शब्दात काय घडतं ते कळतं. माझ्या नावात काय कळतं? एस. त्रिंबकराव, मल्लेश्वरम, एवढंच." मग म्हणालात, "सरी, ठरलं. घरात परतवाटच म्हणू."

आणि घरात आपण शेवटपर्यंत परतवाटच म्हणालो.

पुढचं सगळं सुरू झालं ते तुमच्या त्या दौऱ्यानं. सीमाभागातल्या एका लहान कॉलेजात तुम्ही प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेला होतात. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून वाचनालयात बसलात आणि कॉलेजच्या वार्षिक अंकांचे जुने गठ्ठे चाळलेत. त्यात तीस वर्षांपूर्वीच्या एका अंकात दोन पानांचा लेख होता. लिहिणारे तिथलेच पदार्थविज्ञानाचे शिक्षक, अंकलगी. तोच क्षार, तेच धुकं, हातानं काढलेली आकृती, आणि तीन स्फटिकांची रीडिंगं. निवळताना पारा चार अंश खाली. शेवटी एक ओळ, की प्राचार्यांच्या मते हा थर्मामीटरचा दोष असावा, सबब पुढील तपास स्थगित केला आहे.

तुम्ही घरी आलात तेव्हा ती दोन पानं उतरवून आणली होतीत. माझ्यापुढे ठेवलीत आणि बूट न काढता खुर्चीत बसलात.

"हे माझं नाही, सुमती," म्हणालात.

मी दोनदा वाचलं. "तीन रीडिंगं आहेत ही."

"तीन पुरेत. पाहिलं त्यांनी आधी."

"पाहिलं आणि थर्मामीटरवर ढकललं."

"त्यांनी नाही ढकललं. त्यांच्या प्राचार्यांनी."

"मग यांनी ऐकलं का?"

तुम्ही पायातले बूट काढून बाजूला ठेवलेत. मग म्हणालात, "माझे पहिले साहेब तसे असते तर मीही ऐकलं असतं."

इथून आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, जो आधी बघतो त्याचं. माझं म्हणणं, बघणं सगळ्यांनाच होतं, त्यावर विश्वास ठेवून नऊ वर्षं जो बसतो त्याचं. मी माझ्या बाजूनं खूप बोलले. रविवार मोजून दाखवले. माझी जागरणं, अक्कांची फळी, सगळं काढलं. तुम्ही शांतपणे ऐकत होतात आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. आजही मला वाटतं की माझ्या म्हणण्यात तथ्य आहे. तुम्ही नाहीत म्हणून मी ते सोडून देणार नाही.

मात्र तेव्हा माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि तीही मी बोलून दाखवली होती. त्याच महिन्यात संस्थेत प्रोफेसरच्या जागेची निवड होती. दहा वर्षं तुम्ही त्या जागेचं काम करत होतात. ज्या परिणामामुळे तुमचं नाव पुढे आलं तो आपला नाही, असं निवडीच्या तोंडावर कोण सांगतं?

तुम्ही परदेशातल्या त्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलंत, की या परिणामाला अंकलगींचं नाव द्यावं. पाकीट बंद करून, तिकिटं लावून माझ्या हातात दिलंत, "कॉलेजला जाताना टाक" म्हणून. वार सोमवार होता. तुमची मुलाखत पुढल्या मंगळवारी.

मी ते टाकलं नाही. हीच ती गोष्ट.

पत्र मी ट्रंकेत, शालूच्या घडीखाली ठेवलं. मनात म्हटलं, मंगळवार होऊ दे, बुधवारी टाकीन. आठ-दहा दिवसांनी काय बिघडणार आहे? तीस वर्षं ज्यांना पत्ता नव्हता त्यांना आणखी आठवडाभर नसला तर चालेल. असं म्हणून मी रोज कॉलेजात जात होते, तुमच्यासमोर जेवत होते. तुम्ही एकदा विचारलंत, "टाकलंस ना?" मी हो म्हणाले. लग्नाच्या सगळ्या वर्षांत तुमच्याशी सरळ खोटं बोलले ते एवढं एकदाच.

शनिवारी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. धोतर, काळा कोट, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. "त्रिंबकराव सरांचं घर हेच काय हो? मी अंकलगी." तुम्ही त्यांनाही पत्र लिहिलं होतंत, हे मला तेव्हा कळलं. ते पत्र तुम्ही स्वतः टाकलं होतंत.

मी मनातून घाबरले. म्हटलं, हे आता हक्क सांगायला आले. त्यांनी पाणी घेतलं, पिशवीतून कुंद्याची मिठाई काढून मालूच्या हातात दिली आणि तुम्हाला म्हणाले, "सर, तुमचं पत्र वाचलं. खरं सांगू काय, मला आठवतच नव्हतं. कपाट उघडून तो अंक बघितला तेव्हा आठवलं. नाव-बिव काय नको हो मला. एक मागणं आहे तेवढं."

"सांगा की."

"एकदा मला बघू द्या. तुमच्या चांगल्या यंत्रावर. एकदाच."

दुसऱ्या दिवशी रविवार. आपण तिघं प्रयोगशाळेत गेलो. तुम्ही तुमच्या स्टुलावर मास्तरांना बसवलंत, भिंग त्यांच्या डोळ्याला नीट लावून दिलंत आणि खिडकीशी जाऊन उभे राहिलात. मी नेहमीसारखी वही घेऊन. पारा चढत गेला. मास्तर म्हणाले, "आता." मी आकडा लिहिला. मग दिवा काढला आणि निववायला सुरुवात झाली.

पारा त्या आकड्यावर परत आला. मास्तरांचा डोळा भिंगालाच. एक अंश खाली. दोन अंश. तीन अंश. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही बाहेर झाडांकडे बघत होतात. साडेचार अंशांवर ते म्हणाले, "आता," पण इतक्या हळू, की मला विचारावं लागलं.

मग ते भिंगापासून दूर झाले आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"म्हणजे थर्मामीटर बरोबर होता की हो," म्हणाले.

तुम्ही जवळ येऊन बसलात. ते तुम्हाला न सांगता मला सांगू लागले. "बाई, तो थर्मामीटर त्यांनी परत पाठवला. महिन्यानं नवीन आला. चांगला होता, विलायती. पण मी परत बघितलंच नाही."

"का नाही बघितलंत?" मी विचारलं.

"भीती वाटली."

"कशाची?"

"तोही तसंच दाखवायला लागला असता म्हणजे? मग प्राचार्यांना काय सांगायचं होतं मी? नोकरी नवी, घरात चार माणसं. त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं वाटलं बघा. मग तीस वर्षं मुलांना तीच तीच प्रात्यक्षिकं शिकवली."

ते रडले नाहीत. चष्मा पुसला आणि तुम्हाला म्हणाले, "अजून एकदा बघू काय? लहान खडा असला तर." तुम्ही सबंध दुपार त्यांना स्फटिक देत बसलात. तुम्हाला इतकं आनंदात मी बारशाच्या होळगीलाही बघितलं नव्हतं.

मी घरी परत आले, स्वयंपाकाचं निमित्त सांगून. ट्रंक उघडली, पत्र काढलं आणि संपिगे रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं, सोमवारच्या टपालानं जाईल म्हणून. पेटीत पडल्याचा आवाज ऐकला तरी तिथून हलवेना. मास्तरांना नोकरीचं भय होतं. मला कशाचं होतं? तुम्हाला प्रोफेसर म्हणतील, मला प्रोफेसरांची बायको म्हणतील, एवढंच ना. आणि विश्वास ठेवण्यावर तुम्हाला व्याख्यानं देणारी मीच होते.

मंगळवारी मुलाखत झाली. तुम्ही संध्याकाळी आलात आणि कॉफी पिता पिता सांगितलंत, की पहिलाच प्रश्न त्रिंबकराव परिणामावर आला, आणि तुम्ही उत्तर दिलंत, त्याचं नाव आता बदलायला हवं.

"तुम्ही स्वतः सांगितलंत?"

"विचारलं तर सांगायला नको?"

मी कपाळाला हात लावला. म्हणजे माझं ते आठवड्याचं पाप फुकटच गेलं होतं. जागा दुसऱ्याला मिळाली. त्यामुळेच मिळाली की आणखी कशामुळे, ते आपल्याला कधी कळलं नाही. मी मात्र भांडणात ते तीन-चारदा तुमच्या तोंडावर मारलं. तेवढं मारायला नको होतं.

संपादकांनी तुमचं पत्र छापलं, कोपऱ्यात, लहान टाइपात. पुढच्या पुस्तकात नाव तुमचंच राहिलं. तुम्ही आपल्या लेखांत 'अंकलगी परिणाम' लिहायला लागलात, तेव्हा जपानहून एकानं विचारलं, की हा जो नवा परिणाम आपण शोधला आहे तो त्रिंबकराव परिणामाहून वेगळा कसा? मी हसत सुटले. तुम्ही एक संध्याकाळ माझ्याशी बोलला नाहीत. नंतर पत्राचं उत्तर लिहिताना मलाच हाक मारलीत, इंग्रजी वाक्य बरोबर आहे का बघायला.

त्या संपादकांचं उत्तर आलं त्या दिवशीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्यात तुमचं पत्र मिळाल्याची तारीख होती. आपण जेवत होतो. तुम्ही म्हणालात, "एरवी माझं पत्र पोचायला नऊ दिवस लागतात. या वेळी सोळा लागले." मी पानातल्या भाताकडे बघत राहिले. मग तुम्ही म्हणालात, "ताक आहे का अजून?" मी ताक वाढलं. अंशाच्या दहाव्या भागासाठी रीडिंग पुन्हा घेणारा माणूस तो. सात दिवस कुठे गेले हे तुम्हाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही विचारलं नाहीत. मग मीही सांगितलं नाही. आज सांगितलं. उशीर झाला हे मला कळतं. तुम्ही तेव्हा ताक मागितलंत त्याचं ऋण माझ्यावर फार आहे.

आता तुम्ही माझ्यापासून लपवलेली गोष्ट.

अकराव्या दिवशी अंकलगी मास्तर आले, मुलीच्या हाताला धरून. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही त्यांना. तुमच्या फोटोपुढे बसले, फुलं हातातच राहिली. मग मुलीला म्हणाले, "पिशवी दे बाईंना." पिशवीत पत्रांचा जाड गठ्ठा आणि दोन वह्या. सगळं तुमच्या अक्षरातलं.

"सर दर महिन्याला पार्सल पाठवायचे की," मास्तर म्हणाले. "कापसात गुंडाळलेले खडे. राईएवढे, त्याहून बारीक. एक भिंग दिलं होतं, थर्मामीटर दिला होता. मी घरी मांडून रीडिंगं घ्यायचो आणि पाठवायचो. ते इकडे घ्यायचे. पाच वर्षं चाललं होतं आमचं."

"मला एका शब्दानं बोलले नाहीत."

"मी म्हटलं होतं त्यांना, बाईंना सांगा म्हणून. तर म्हणाले, त्या नावावरून तिचा राग आहे अजून. स्वल्प निवळू दे, मग सांगू."

मी उठून आत गेले. रडायला नाही, खरंच सांगते, रागानं. पाच वर्षं माझ्या फळीवरून खडे उतरवून तुम्ही पार्सलं करत होतात आणि मला वाटत होतं तुमचा कापूस कानदुखीसाठी लागतो. तोंड धुऊन बाहेर आले तर मास्तर तसेच बसले होते.

"शेवटची वही बघा," म्हणाले. "राईपेक्षा बारीक दाण्यांना अंतर वाढायला पाहिजे, सरांच्या वक्राप्रमाणं. माझी रीडिंगं उलटी येत होती. कमी व्हायला लागलं अंतर. सरांना लिहिलं, माझ्या डोळ्यांचा दोष असेल. त्यांनी लिहिलं, मास्तर, दोष म्हणू नका, पुन्हा घ्या. मी सहा वेळा घेतलं. मग मोतीबिंदू वाढला. आता मला सगळंच धुकं दिसतं हो, खडा निवळला का नाही ते कळत नाही. सर म्हणाले होते, उन्हाळ्यात मी घेतो सगळी. उन्हाळा काही आला नाही त्यांना." आणि वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुम्ही घ्या आता."

मी सगळी पत्रं वाचली. प्रत्येकाच्या शेवटी तुम्ही माझी खुशाली लिहिली आहे. एकात लिहिलं आहे, 'आमच्या घरी याला परतवाट म्हणतात, मला तुमच्या-माझ्या नावापेक्षा तो शब्द बरा वाटतो.' मला तुम्ही हे तोंडानं सांगितलं असतंत तर मी वर्षभर तरी भांडले नसते. आणि मास्तरांना तुम्ही नाव देऊ शकला नाहीत, ते तुमच्या हातात नव्हतं. पण एक स्टूल, एक भिंग आणि पाच वर्षं दिलीत. मुलीनं सांगितलं, पार्सल यायच्या दिवशी ते सकाळपासून दाढी करून ओट्यावर बसायचे. माझ्या भांडणात ही बाजू कधी आलीच नव्हती. आता तुमच्या बाजूला ही एक गोष्ट मी लिहून ठेवते. अजून निकाल दिलेला नाही.

काल कॉलेज सुटल्यावर संस्थेत गेले. किल्ली मागितली, त्यांनी लगेच दिली. तुमच्या खोलीत तेलाचं भांडं तसंच होतं, तेल बदललं. राईपेक्षा बारीक सात दाणे वेचले. भिंगात बघायचं आणि आकडाही वाचायचा, एकटीला फार धावपळ होते. पहिली दोन रीडिंगं वाया गेली. तिसऱ्यापासून हात बसला.

उरलेल्या पाचही दाण्यांना अंतर कमी आलं. मास्तरांच्या आकड्यांजवळच आलं. तुमच्या नावाचा तो वक्र, जो मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून मुलींना शिकवला, राईपाशी येऊन वळतो आणि खाली उतरतो. अहो, तुमचा वक्र तिथे चुकला आहे. मला वाटतं तुम्हाला शेवटी शेवटी ते कळलं होतं, आणि तुम्ही उन्हाळ्याची वाट बघत होतात.

हे छापायला पाठवायचं तर आकडे भरपूर लागतील, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले. आठवड्यातून दोनदा तरी बसावं लागेल. मास्तरांना कार्ड टाकलं आहे, की तुमची सहा रीडिंगं बरोबर होती. त्यांची मुलगी उद्या-परवा वाचून दाखवेल त्यांना.

फळीवर तीन बरण्यांत नवे दाणे लावले आहेत. सोमवारी बघेन किती वाढलेत.

तुमची,
सुमती